उमेद कुणी कुणाला द्यायची?

मैत्रिणींनो,

या अंकाचं संपादकीय वेगळ्या विषयावर लिहायचं ठरलं होतं. पण गेल्या महिन्यातल्या बैठकीनंतर वाटलं, आधी आपल्या घरातली गोष्ट तुमच्यासमोर ठेवावी. ती फक्त आपल्या घरातली नाही. तुमच्यापैकी बऱ्याच गटांत आज ती थोड्याफार फरकानं घडत असणार.

गंगापूर रोडवरच्या आपल्या खोलीत त्या रविवारी आम्ही नेहमीसारख्या जमलो होतो. चहा व्हायच्या आधीच, आपल्या व्हिडिओ चॅनलचं काम पाहणारी मैत्रीण म्हणाली, "ताई, पुढचा व्हिडिओ माझ्याकडून होणार नाही. त्याच्या पुढचाही बहुतेक नाही." आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. गॅस संपलाय असं सांगावं, तसं तिनं सांगितलं.

चॅनल सुरू होऊन तीन वर्षं झाली. एकतीस व्हिडिओ झाले. सबस्क्रायबर ६१२. त्यातले पहिले दीडशे म्हणजे आपण सगळ्या, आपल्या बहिणी, भाचरं आणि शेजारणी.

आम्ही काय केलं असेल? जे नेहमी करतो तेच. एकीनं सांगितलं, धीर धर. दुसरीनं 'थेंबे थेंबे तळे साचे' ऐकवलं. तिसरीनं कुठल्याशा चॅनलचं उदाहरण दिलं, पाच वर्षं कुणी विचारत नव्हतं आणि मग एका व्हिडिओनं नशीब पालटलं. आमच्यापैकी कुणीतरी, आणि हे लिहिताना लाज वाटते, "तुझ्यात आता पहिल्यासारखी उमेद राहिली नाही" असंही म्हणून गेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तळं साचेल हो. पण घागरी मी एकटीच वाहतेय."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, "एका व्हिडिओला किती तास लागतात ते सांग बघू. नीट आठवून."

कागदावर उतरलं ते असं. दहा मिनिटांचा एक व्हिडिओ. माहिती गोळा करणं आणि वकील मैत्रिणीकडून तपासून घेणं, सहा तास. चित्रीकरण, चार तास. चित्रित केलेलं सगळं पुन्हा पाहून कापणं-जोडणं, बारा तास. पडद्यावर खाली येणारा मजकूर टाईप करणं, चार तास. आवाज स्वच्छ करणं, तीन. वरचं चित्र, शीर्षक आणि चढवणं, दोन. प्रतिक्रिया वाचणं, घाणेरड्या पुसून टाकणं, प्रश्नांना उत्तरं देणं, महिनाभरात मिळून तीन. एकूण चौतीस तास. चित्रीकरणाचे चार तास आपल्यातल्या दोघी-तिघी तिच्यासोबत असतात. उरलेले तीस तास ती एकटी. सातपूरची नोकरी, घरचा स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास आटोपल्यावर, रात्री अकराच्या पुढे.

एकतीस व्हिडिओंचे एक हजार चोपन्न तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर एकशे एकतीस दिवसांहून जास्त. बिनपगारी. वर्षानुवर्षं आपण मोर्च्यांत, शिबिरांत, पथनाट्यांत सांगत आलो की बाईचं घरातलं काम मोजलं जात नाही, म्हणून ते काम वाटतच नाही. आणि आपल्याच खोलीत, आपल्याच मैत्रिणीचं काम तीन वर्षांत आपण एकदाही मोजलं नव्हतं. आपण मोजत होतो सबस्क्रायबर.

म्हणून हा विषय. हळूहळू वाढणाऱ्या कामात उमेद कशी टिकवायची, हा प्रश्न आजकाल सगळीकडे विचारला जातो, आणि उत्तर बहुतेक वेळा त्या एकटीच्याच पदरात टाकलं जातं. मन खंबीर ठेव, सातत्य ठेव, आकड्यांकडे पाहू नको. हे सल्ले खोटे नाहीत. पण आपल्यासारख्या गटानं ते देताना थांबून पाहायला हवं, की ज्या ठिकाणी मदतीला हात द्यायचा तिथे आपण उपदेश तर देत नाही ना?

आता आकड्यांचंही थोडं बोलू. ते आपल्याला इतकं का छळतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांची पकड सुटायची नाही.

यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा मिळवायचा असेल तर एक हजार सबस्क्रायबर लागतात, आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी एकूण चार हजार तास व्हिडिओ पाहिलेले असावे लागतात. ही अट जानेवारी २०१८ पासूनची आहे. छोट्या उभ्या व्हिडिओंचा दुसरा रस्ता आहे, त्यात नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिलं जावं लागतं. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. प्रत्येक बाईनं सरासरी चार मिनिटं पाहिलं असं धरलं, तर वर्षाला साठ हजार वेळा. आपल्या विषयांवर हे होऊ शकतं का? कधीतरी, एखाद्या व्हिडिओबाबत, होईलही. पण दर वर्षी ते व्हावं म्हणून आपण विषय निवडायला लागलो, तर आपले विषय कोणते उरतील याचा विचार करा.

शिवाय तो आकडा काय पाहू शकत नाही, तेही बघू.

आपला एक व्हिडिओ हक्कसोडपत्रावर आहे. वडिलांच्या पश्चात भाऊ बहिणीला तालुक्याला नेतात, "नुसती सही कर" म्हणतात, आणि नोंदणी झाली की तिचा जमिनीतला हिस्सा संपतो. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं मुलाइतकाच हक्क आहे, हे २००५ च्या दुरुस्तीनं सगळ्या देशासाठी कायद्यात आलं. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. व्हिडिओत एवढंच सांगितलंय, सोप्या भाषेत, आणि शेवटी एक वाक्य: वाचल्याशिवाय आणि विचार करायला वेळ घेतल्याशिवाय सही करू नका. आपल्या यादीत हा व्हिडिओ खालून तिसरा आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत आपल्या कार्यकर्तीनं तो दाखवला. अंगणवाडीच्या खोलीत, एका मोबाइलवर, छोटा स्पीकर लावून. बावीस जणी होत्या. यूट्यूबच्या हिशेबात ते एकदाच पाहणं झालं. त्या बावीस जणींतल्या एकीला पुढच्या आठवड्यात भावांसोबत तालुक्याला जायचं होतं. ती गेली नाही. "कागदाची नक्कल आधी घरी द्या, मी वाचून घेते," एवढंच तिनं सांगितलं. गोष्ट इथे सुखान्त होत नाही. या वर्षी राखीला भाऊ आले नाहीत. आई तिच्याशी धड बोलत नाही. पण सही अजून झालेली नाही, आणि ती बाई आता वकील मैत्रिणीकडे दोनदा येऊन गेली आहे. वाटणी हवी, की भावांशी बोलून काही वेगळं ठरवायचं, हे ती ठरवेल. ठरवायला वेळ मिळाला, हे त्या दहा मिनिटांचं काम.

हे आपल्या चॅनलच्या आकड्यांत कुठे दिसतं? कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट. बायका पाहतात, पण सबस्क्राइब करत नाहीत, कारण फोन त्यांचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१), ज्या स्त्रियांकडे स्वतः वापरता येतो असा मोबाइल आहे त्यांचं प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के निघालं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांचा फोन नवऱ्याचा, मुलाचा, सासऱ्याचा. मारहाणीविरुद्ध तक्रार कुठे करायची हे सांगणारं चॅनल त्या फोनवर कोणती बाई जोडून ठेवील? ती पाहील, आणि मुलाकडून शिकून घेऊन, पाहिल्याची खूणही पुसून टाकील. आपल्या कामाचा सर्वांत खरा प्रेक्षक हा असा, मोजता न येणारा आहे.

याचा अर्थ आकडे फेकून द्यायचे असा नाही. आपलं काम चांगलं झालंय का हे तपासायचा आळस झाकायला "आम्ही आकड्यांसाठी करत नाही" हे वाक्य फार सोयीचं असतं. पहिल्या मिनिटातच पाहणारे निघून जातात, हे आकड्यांनीच आपल्याला सांगितलं; आणि खरंच, आपली प्रस्तावना फार लांब असते. तेवढं त्यांच्याकडून शिकावं. पण उमेदीची किल्ली त्यांच्या हाती देऊ नये.

हे सगळं बोलणं चाललं असताना एकीला दादासाहेब फाळके आठवले. नाशिकमध्ये सिनेमाचा विषय निघाला की ते येतातच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, शेवट नाशिकला झालेले. १९१२ साली चित्रपटासाठी पैसा उभा करायचा होता आणि हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची वाढ रोज थोडीथोडी कॅमेऱ्यात टिपली. बरेच दिवस खपून हाती आली ती जेमतेम मिनिटाभराची फिल्म, 'अंकुराची वाढ'. ती पाहून पैसे देणारा माणूस मिळाला. हळू वाढणाऱ्या गोष्टीचं याहून चांगलं उदाहरण कुठून आणायचं?

पण त्या गोष्टीत आणखी कुणीतरी आहे. सरस्वतीबाई फाळके. त्यांनी दागिने दिले, हे सांगितलं जातं. अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मला छिद्रं पाडणं, फिल्म धुणं, ही कामं त्या शिकल्या आणि करत राहिल्या. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सगळ्या मंडळींचं जेवणखाण त्यांच्याकडेच होतं. हा चित्रपट ३ मे १९१३ ला मुंबईत लोकांसमोर आला. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानं केली, कारण बाई मिळत नव्हती. पुढे फाळके नाशिकला आल्यावर, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. पडद्यामागची बाई मात्र पहिल्या दिवसापासून कामाला होती. फाळक्यांची चिकाटी थोर होतीच. पण ती चिकाटी टिकली, त्यामागे रात्री घर निजल्यावर अंधारात काम करणारी एक बाई होती.

आणि आपल्या चॅनलमागे रात्री घर निजल्यावर काम करणारी बाई कोण, हे त्या रविवारी आम्हाला नव्यानं दिसलं.

आमच्यातल्या जुन्या मैत्रिणींनी मग आपल्या या अंकाची आठवण काढली. छापील अंकाचीही वाढ अशीच मुंगीच्या पावलांनी झाली. वर्गणीदार दोनशेवर अडकून बसलेले असायचे. मनीऑर्डरची वाट पाहायची, कागदाचा भाव वाढला की पानं कमी करायची. मग तेव्हा उमेद कशी टिकली? आमच्या अंगी काही निराळी धमक होती का? मुळीच नाही. अंक छापून आला की आठ-दहा जणी सतरंजीवर बसायच्या. एक घड्या घालायची, एक पत्त्यांच्या पट्ट्या कापायची, एक खळ लावायची, एक तिकिटं चिकटवायची. कुणाच्या घरात काय चाललंय ते तिथे कळायचं. कुणी रडून घ्यायची, कुणी पोहे करायची. संध्याकाळी गठ्ठे घेऊन दोघी पोस्टात जायच्या. कंटाळवाणं काम होतं, पण ते एकटीचं नव्हतं. एकीला आला नाही जमलं तर दुसरी असायची. उमेद त्या सतरंजीवर होती.

व्हिडिओचं काम असं आहे की ते सतरंजीवर येत नाही. एक संगणक, एक माणूस, कानांवर हेडफोन. यंत्राचा स्वभावच एकटं पाडण्याचा. म्हणून ते मुद्दाम सतरंजीवर आणावं लागतं, आपोआप येत नाही.

हे जमू शकतं, याची उदाहरणं आहेत. अहमदाबादला 'सेवा'च्या बायका १९८४ मध्ये व्हिडिओ शिकल्या. त्यात भाजी विकणाऱ्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या होत्या. वीसेक जणी एकत्र शिकल्या, म्हणून एकीवर सगळा भार पडला नाही. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ मध्ये ग्रामीण बायकांनी 'खबर लहरिया' हे छापील वृत्तपत्र सुरू केलं आणि पुढे त्याच गटानं मोबाइलवर बातम्या चित्रित करायला घेतल्या. तोवर एकमेकींसोबत काम करायची वर्षांची सवय झालेली होती. आपल्या नाशिकमध्येच 'अभिव्यक्ती' ही संस्था १९८७ पासून माध्यमं लोकांच्या हाती देण्याचं काम करत आली आहे.

मराठीत ज्यांना मोठं यश मिळालं, त्या बायकांकडेही आपण नाक मुरडून पाहायचं कारण नाही. "रेसिपीच काय कुणीही करील" असं आपल्यातही बोललं जातं. मधुरा बाचल २००९ पासून यूट्यूबवर आहेत. आज दिसतं ते यश, पण मागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे. सारोळा कासारच्या सुमनताई धामणे, 'आपली आजी', सत्तरीत २०२० साली घराघरांत पोचल्या. आजींचा हात चुलीवर आणि नातवाचा हात कॅमेऱ्यावर, अशी ती वाटणी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं चॅनल हॅक झालं आणि काही दिवसांनी परत मिळालं. त्याआधी २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायकांनी मिळवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. जमीन आपल्या नावावर नसली की काय होतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. चॅनल हीसुद्धा दुसऱ्याच्या नावावरची जमीन आहे.

तर बैठकीत काही गोष्टी ठरल्या. तुमच्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

एक, महिन्याला एकऐवजी तीन महिन्यांत दोनच व्हिडिओ करायचे. वेग कमी केल्यानं आपल्याला कुणी विसरणार असेल तर विसरो.

दोन, तीस तासांची कामं चौघींत वाटायची. पडद्यावरचा मजकूर टाईप करायला दोघी तयार झाल्या आहेत. कापणं-जोडणं आणखी दोघी शिकणार आहेत, आणि ते रात्री घरी नाही तर महिन्यातल्या दोन शनिवारी खोलीत बसून करायचं. ज्यांना यातलं काही येत नाही, त्यांनी त्या शनिवारी जेवणाचं पाहायचं. पण तेही पाळीनं.

तीन, प्रतिक्रिया एकटीनं वाचायच्या नाहीत. शिव्या आणि धमक्या रात्री एकट्यानं वाचून माणूस आतून झिजतं. दोघींनी दिवसा बसून वाचायच्या, पुसायच्या त्या पुसायच्या. धमकी असेल तर पडद्याचा फोटो ठेवून वकील मैत्रिणीला कळवायचं.

चार, पासवर्ड तिघींकडे, आणि प्रत्येक व्हिडिओची प्रत आपल्या हार्ड डिस्कवर.

पाच, एक वही. व्हिडिओ कुठल्या गावात, किती जणींनी पाहिला, नंतर काय प्रश्न आले, कुणी काय केलं, हे त्यात लिहायचं. आकडे तीन महिन्यांतून एकदा पाहायचे, या वहीसोबत.

सहा, कापणं-जोडणं करणाऱ्या मैत्रिणीला मानधन. रक्कम छोटी आहे, सांगायला संकोच वाटावा इतकी. पण जमाखर्चात तिचं नाव आलं.

सगळ्यांचं एकमत झालं असं समजू नका. एका मैत्रिणीचं म्हणणं अजूनही असं आहे की हे चॅनल बंदच करावं. एवढ्या श्रमात आपण चाळीस गावांत जाऊन समोरासमोर बोललो असतो. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून एक वर्षानं वही आणि तासांचा कागद दोन्ही समोर ठेवून पुन्हा ठरवायचं. थांबायचं ठरलं तर ती हार नाही. आपण कितीतरी उपक्रम सुरू केले आणि वेळ आल्यावर थांबवले. बाईला "आता नाही" म्हणता यावं, हे तर आपण शिकवत आलो. आपल्या गटात ते म्हणणं इतकं जड का जावं?

आपली मैत्रीण सध्या दोन महिन्यांच्या सुट्टीवर आहे. "काही अडलं तर फोन करा" असं ती जाताना म्हणाली, आणि आम्ही ठरवलं आहे की फोन करायचा नाही. पुढचा व्हिडिओ बाकीच्या मिळून करत आहोत. अर्धवट कापलेला आहे. आवाज एका जागी खाली जातो आणि मधेच बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न येतो. तो कसा काढायचा ते अजून जमलेलं नाही. गेल्या शनिवारी पाच जणी त्यापाशी दोन तास बसलो होतो.

तुमच्याकडून एवढंच हवं आहे. तुमच्या गटात आपला एखादा व्हिडिओ दाखवलात, तर किती जणी होत्या आणि काय बोलल्या, ते दोन ओळींत लिहून कळवा. आपल्या वहीत जाईल. आणि तुमच्याकडेही असं काम करणारी कुणी असेल, तर तिला धीर देण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि तिचे तास विचारा.

सस्नेह,
संपादक मंडळाच्या वतीनं